कोर्टाचा निकाल हाती आला. तो आपल्या कामाचा आहे का?

मोबाइलवर बातमी येते: 'सुप्रीम कोर्टाचा ऐतिहासिक निकाल'. खाली दोन-चार ओळी असतात. कधी मुलींच्या हिश्श्याबद्दल, कधी न वटलेल्या चेकबद्दल, कधी आदिवासींच्या जमिनीबद्दल. घाटंजीच्या न्यायालयात ज्यांचं प्रकरण सुरू आहे, ते लोक पेशीच्या दिवशी ती बातमी वकिलांना दाखवतात. वकील एक नजर टाकून म्हणतात, 'हे आपल्याला लागत नाही.' का लागत नाही, हे समजावून सांगायला त्या गडबडीत कोणालाच सवड नसते. पक्षकार घरी जातो तो मनात शंका घेऊन: वरच्या कोर्टाने एवढं स्पष्ट सांगितलं असताना आपल्याकडे ते का चालत नाही?

वाचकांचे प्रश्न याच वळणाचे असतात. निकाल मिळतो कुठे? त्याला पैसे पडतात का? नावापुढचे ते आकडे कसले? निकाल आमच्या बाजूचा दिसतो, मग आम्ही हरलो कसे? या लेखात या प्रश्नांची उत्तरं क्रमाने घेऊ. निकाल शोधणं आता खरंच सोपं झालं आहे. तो आजही लागू आहे का आणि आपल्या प्रकरणाला बसतो का, हे तपासण्यात मात्र बहुतेकांची चूक होते. म्हणून लेखातली जास्त जागा त्या तपासणीला दिली आहे.

आधी आपल्याच जिल्ह्यातला एक खटला

'दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा निकाल देशभरातल्या वकिलांना पाठ आहे. तो वाद आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून, दिग्रसच्या न्यायालयातून वर गेला. चेक होता बँक ऑफ इंडियाच्या भंडारा शाखेवरचा आणि तक्रार होती दिग्रसला. दिग्रसच्या कोर्टाला ही तक्रार चालवण्याचा अधिकार नाही, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ठरवलं. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

त्या आधी देशात १९९९ चा के. भास्करन निकाल चालत होता. दोन न्यायमूर्तींच्या त्या पीठाने म्हटलं होतं की चेकच्या गुन्ह्यात पाच गोष्टी घडतात: चेक देणं, तो बँकेत टाकणं, तो न वटता परत येणं, नोटीस देणं आणि नोटीस मिळूनही पैसे न भरणं. यांपैकी कोणतीही गोष्ट जिथे घडली, तिथे तक्रार करता येते. त्यामुळे चेक देणारा एका टोकाला आणि खटला दुसऱ्या टोकाला, असं सर्रास होऊ लागलं.

१ ऑगस्ट २०१४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने राठोड प्रकरणात हे बदललं. चेक ज्या बँक शाखेवर काढला आहे ती शाखा जिथे, तिथेच तक्रार, असा नियम झाला. ज्या खटल्यांत समन्सनंतर पुरावा नोंदवायला सुरुवात झाली होती, ते होते तिथेच चालू ठेवले गेले. बाकी हजारो तक्रारी परत द्याव्या लागल्या. उधारीवर माल देणारा व्यापारी, कृषी केंद्रवाला, पतसंस्था अशा सगळ्यांना देणेकऱ्याच्या गावी जाऊन खटला लढवण्याची वेळ आली.

मग संसदेने पराक्राम्य संलेख अधिनियमात दुरुस्ती केली. १५ जून २०१५ पासून ती लागू धरली गेली. आता चेक तुमच्या खात्यात जमा करायला टाकला असेल, तर तुमचं खातं ज्या शाखेत आहे त्या भागातल्या कोर्टात तक्रार होते. म्हणजे घाटंजीच्या शाखेत खातं असलेल्या दुकानदाराला भंडाऱ्याला जावं लागत नाही.

हा खटला एवढ्या तपशिलाने सांगायचं कारण असं की राठोड निकाल आजही सगळ्या संकेतस्थळांवर जसाच्या तसा सापडतो. त्याच्या पहिल्या पानावर 'हा मुद्दा आता कायद्याने बदलला आहे' असा शिक्का नसतो. निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, तीन न्यायमूर्तींचा, आपल्याच जिल्ह्यातल्या प्रकरणातला, आणि तरीही तक्रार कुठे करायची या प्रश्नावर आज तो दाखवून उपयोग नाही.

कोणाचा निकाल कोणावर बंधनकारक

संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. त्याखाली आपल्यासाठी मुंबई उच्च न्यायालय. बाकी उतरंड अशी समजून घ्या:

- मुंबई, नागपूर, औरंगाबाद, गोवा आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, ही सगळी एकाच उच्च न्यायालयाची बसण्याची ठिकाणं आहेत. 'निकाल औरंगाबादचा आहे, घाटंजीत चालेल का?' असं अनेक जण विचारतात. चालतो.
- दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या कोर्टाला विचारात घेता येतो, पण तो बंधनकारक नसतो.
- एकाच न्यायालयात मोठ्या पीठाचा निकाल लहान पीठावर भारी. एका न्यायमूर्तींपेक्षा दोघांचा, दोघांपेक्षा तिघांचा. तारीख नंतरची आहे म्हणून लहान पीठाचा निकाल मोठ्या पीठाला मागे टाकत नाही.
- तालुका किंवा जिल्हा न्यायालयाचा निकाल त्या प्रकरणातल्या पक्षकारांपुरता. शेजाऱ्याच्या दाव्यात घाटंजीच्या न्यायाधीशांनी जे ठरवलं, ते तुमच्या दाव्यात त्यांच्यावरच बंधनकारक नाही. लोकअदालतीतली तडजोडही तशीच.

जुन्या दाव्यांत कधी कधी 'नाग.' असं लिहिलेले निकाल दिसतात. यवतमाळ तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होतं आणि १९३६ ते १९५६ या काळात नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय होतं. ते निकाल त्या न्यायालयाचे. आणखी एक गोष्ट विदर्भातल्या वाचकांना माहीत असावी: 'ए. आय. आर.' म्हणजे 'ऑल इंडिया रिपोर्टर' हे देशभरातल्या वकिलांच्या कपाटात दिसणारं निकालांचं मासिक आपल्या नागपुरातून निघतं. १९१४ पासून ते प्रसिद्ध होत आहे.

निकाल कुठे शोधाल

तुमच्या स्वतःच्या प्रकरणासाठी 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' हे सरकारी संकेतस्थळ किंवा त्याच नावाचं ॲप वापरा. राज्य महाराष्ट्र, जिल्हा यवतमाळ, मग घाटंजीचं न्यायालय निवडा. प्रकरण क्रमांकाने, पक्षकाराच्या नावाने किंवा सीएनआर क्रमांकाने शोधता येतं. सीएनआर हा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक प्रत्येक प्रकरणाला एकदाच मिळतो. तो वहीत लिहून ठेवा, कारण नावाने शोधताना स्पेलिंगचा घोळ फार होतो. 'जाधव', 'राठोड', 'चव्हाण' इंग्रजीत तीन-तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडतात. पुढची तारीख, आजवरच्या तारखांना काय झालं, झालेले आदेश हे सगळं तिथे दिसतं.

उच्च न्यायालयाचे निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहेत. तिथे आधी खंडपीठ म्हणून 'नागपूर' निवडावं लागतं. ते न निवडल्यामुळे 'प्रकरण सापडत नाही' म्हणून लोक परत फिरतात.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्यांच्या संकेतस्थळावर मिळतातच, शिवाय जानेवारी २०२३ पासून 'ई-एससीआर' ही मोफत सोय आहे. 'सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स' या अधिकृत मालिकेतले निकाल तिथे उघडून वाचता येतात. ई-कोर्ट्सचं निकाल शोधण्याचं वेगळं पोर्टलही आहे. त्यात शब्द टाकून उच्च न्यायालयांचे निकाल शोधता येतात.

'इंडियन कानून' हे खासगी संकेतस्थळ २००८ पासून मोफत चालू आहे आणि शोधायला ते सर्वांत सोपं आहे. एखादा निकाल पुढे कोणत्या निकालांत उल्लेखला गेला, ती यादी तिथे मिळते. ही यादी फार मोलाची आहे. तिचा उपयोग पुढे सांगितला आहे. सुरुवात तिथून करायला हरकत नाही, पण कोर्टात द्यायची प्रत शक्यतो न्यायालयाच्या संकेतस्थळावरून घ्या. ग्राहक आयोगातलं प्रकरण असेल तर 'ई-जागृती' पाहा.

इंटरनेट जमत नसेल तर दोन जागा आहेत. एक, न्यायालयातलं ई-सेवा केंद्र. घाटंजीत काम झालं नाही तर यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात विचारा. दुसरी, वकील संघाचं वाचनालय. तिथली पुस्तकं वकिलांसाठी असतात, तेव्हा ओळखीच्या वकिलांमार्फत जा.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत पीडितेची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे. अशा निकालांत नाव गाळलेलं असतं, आणि तुम्हीही असं नाव कुठे पुढे पाठवू नका.

मराठीत मिळेल का?

अनुच्छेद ३४८ मुळे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, त्यामुळे मूळ निकालही इंग्रजीत असतो. आता निवडक निकालांचे मराठी अनुवाद दोन्ही न्यायालयांच्या संकेतस्थळांवर ठेवले जातात. भाषांतरासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून 'सुवास' नावाची संगणकप्रणाली वापरायला घेतली. हे अनुवाद समजून घेण्यासाठी आहेत. वाद झाला तर इंग्रजी मूळ प्रतच ग्राह्य धरतात. ज्यांना इंग्रजी वाचायची सवय नाही, त्यांनी मराठी अनुवाद आधी वाचावा आणि महत्त्वाच्या परिच्छेदाचा क्रमांक टिपून ठेवावा. वकिलांकडे जाऊन 'परिच्छेद अमुक याचा अर्थ सांगा' असं विचारलं तर पाच मिनिटांत काम होतं. अनुवादात परिच्छेदाचा क्रमांक मुळातलाच ठेवलेला आहे ना, तेवढं पाहून घ्या.

नावापुढचे आकडे

वकील ज्याला सायटेशन म्हणतात, तो म्हणजे निकालाचा पत्ता. '(२०१४) ९ एससीसी १२९' याचा अर्थ: 'सुप्रीम कोर्ट केसेस' या मालिकेचा २०१४ सालचा नववा खंड, पान १२९. राठोड निकालाचा हा पत्ता. 'ए. आय. आर.'मध्ये साल, न्यायालय आणि पान एवढंच असतं. एकाच निकालाचे असे चार-पाच पत्ते असू शकतात, म्हणून दोन वेगळे आकडे दिसले की दोन वेगळे निकाल समजू नका. आधी नावं आणि तारीख जुळते का ते पाहा.

२०२३ पासून न्यायालयं स्वतःचाच क्रमांक देऊ लागली आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या क्रमांकात सालापुढे 'आयएनएससी' असतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात 'बीएचसी' असतं आणि नागपूरचा निकाल असेल तर त्यापुढे 'एनएजी'. शेवटी 'डीबी' असेल तर दोन न्यायमूर्तींचं पीठ, 'एफबी' असेल तर त्याहून मोठं पूर्ण पीठ. शोधताना ही अक्षरं इंग्रजीतच टाइप करा. हा क्रमांक असला की कोणतंही विकतचं मासिक नसताना निकाल सापडतो.

वाचायचा कसा

चाळीस-पन्नास पानांचा निकाल पहिल्या पानापासून वाचत गेलात तर दहाव्या पानावर दमाल. उलटं करा. आधी शेवटचं पान काढा. तिथे अंतिम आदेश असतो: अपील मंजूर, नामंजूर, अंशतः मंजूर, की प्रकरण खालच्या कोर्टाकडे परत. मग पहिल्या पानावर या आणि किती न्यायमूर्ती, कोणती तारीख, कोणतं प्रकरण ते पाहा. त्यानंतर हकिगत वाचा.

हकिगतीनंतर दोन्ही बाजूंचे युक्तिवाद येतात. इथे सावध राहा. 'मुलीला हक्क नाही' हे वाक्य निकालात छापलेलं असतं, पण ते विरुद्ध वकिलाचं म्हणणं असतं. त्या वाक्याचा फोटो काढून समाजमाध्यमांवर 'कोर्टाने म्हटलं' म्हणून फिरवला जातो. न्यायालयाचं स्वतःचं मत पुढे, वादमुद्दे मांडल्यानंतर सुरू होतं.

त्या मतातही दोन गोष्टी वेगळ्या करा. समोरचा वाद मिटवण्यासाठी जे ठरवणं भागच होतं, ते पुढच्या प्रकरणांना बांधतं. ओघात केलेलं भाष्य, समाजाबद्दलची खंत, सरकारला दिलेला सल्ला यांना मान असतो, पण त्यांच्यावर दावा उभा राहत नाही. ओळखायची साधी युक्ती अशी: ते वाक्य काढून टाकलं तरी निकाल तोच लागला असता का? लागला असता, तर ते वाक्य तुमच्या फारसं कामाचं नाही.

लागू आहे का? मुलींच्या हिश्श्याचं उदाहरण

वडिलोपार्जित शेतीत मुलीचा हिस्सा या विषयावर सर्वांत जास्त गोंधळ आहे, आणि तो वाचकांच्या अज्ञानामुळे झालेला नाही. निकालच तसे येत गेले.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये, म्हणजे देशाच्या आधी, मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला होता, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती आली. तिने लग्न झालेली, न झालेली हा भेद ठेवला नाही. प्रश्न उरला: वडील २००५ च्या आधीच वारले असतील तर?

२०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी 'प्रकाश विरुद्ध फुलवती'मध्ये सांगितलं की त्या दिवशी वडील आणि मुलगी दोघंही हयात हवेत. १ फेब्रुवारी २०१८ रोजी दोनच न्यायमूर्तींनी 'दानम्मा' प्रकरणात, वडील २००१ मध्ये वारलेले असूनही, मुलींना हिस्सा दिला. खालच्या कोर्टांनी कोणाचं ऐकायचं? अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींनी 'विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा' या निकालात वाद मिटवला: हक्क जन्माने मिळतो, म्हणून २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. फुलवतीचा निकाल त्या दिवशी मोडीत निघाला.

म्हणजे २०१७ मध्ये ज्या बहिणीला 'तुझे वडील आधीच गेले, तुला हिस्सा नाही' असं सांगितलं गेलं, ते त्या वेळच्या निकालाला धरून होतं. आज तेच सांगणं चूक आहे. अशी जुनी उत्तरं मनात धरून गप्प बसलेल्या बहिणी आपल्या तालुक्यातही असतील. त्यांनी पुन्हा एकदा विचारावं. त्यांचा आधीचा दावा कोर्टातून कायमचा निकाली निघाला असेल, तर तो पुन्हा उघडेलच असं नाही. ते वकिलांना कागद दाखवूनच ठरेल.

विनीता शर्माचा निकालही सरसकट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी तशीच राहते. 'आमची तोंडी वाटणी तेव्हाच झाली' एवढं म्हणून भागत नाही. सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल, तरच अपवाद म्हणून ती मानली जाते. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी एका मुलीचा वारसाहक्क नाकारला, तेव्हा 'मुलींना हक्क नाही' अशा मथळ्यांनी घबराट झाली. त्या प्रकरणात वडील १९५२ मध्ये, हिंदू उत्तराधिकार कायदा येण्याच्याही आधी वारले होते आणि त्यांच्या मागे विधवा होती. तुमचे वडील १९८० मध्ये किंवा २००२ मध्ये गेले असतील, तर त्या मथळ्याशी तुमचा संबंध नाही.

या उदाहरणावरून तपासायची रीत लक्षात येईल. हाती आलेल्या निकालाचं नाव संकेतस्थळावर टाका आणि त्याचा उल्लेख करणारे नंतरचे निकाल उघडा. सर्वांत नवे आधी, मोठ्या पीठाचे त्याहून आधी. मग त्या कलमाची आजची प्रत 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर वाचा. राठोड निकालाच्या बाबतीत नेमकं हेच दुसरं पाऊल चुकलं तर माणूस फसतो, कारण तिथे बदल कोर्टाने केला नव्हता, संसदेने केला होता.

जुना निकाल म्हणजे बाद निकाल नव्हे

घाटंजी तालुक्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. गोंड, कोलाम, परधान कुटुंबांच्या जमिनी गैरआदिवासींच्या नावावर गेल्याची प्रकरणं इथे नवी नाहीत. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात झालेली अशी हस्तांतरणं उलटवून जमीन परत देण्याचा कायदा महाराष्ट्राने १९७४ मध्ये केला. त्याला आव्हान दिलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या डिसेंबरात 'लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात हा कायदा वैध ठरवला. दुबळ्याची जमीन बळकावली गेली असेल तर ती परत देणं हा सामाजिक न्यायाचाच भाग आहे, हा त्या निकालाचा गाभा आहे.

चाळीस वर्षं झाली तरी हा निकाल भक्कम उभा आहे. 'तो फार जुना आहे, आता चालत नाही' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. निकालाच्या वयाला किंमत नसते. तो कोणी मोडला का, एवढंच पाहायचं. मात्र अशा अर्जाच्या मुदतीसारख्या गोष्टी कायद्यात नंतर बदलल्या आहेत, तेव्हा मुदत निकालातून काढू नका, कायद्याच्या आजच्या प्रतीतून काढा. ६ जुलै १९७४ नंतरच्या व्यवहारांना जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ लागतं. तो वेगळा रस्ता आहे.

इथे फसगत होते

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या आणि कलमांचे क्रमांक बदलले. जुनं ४२० आता ३१८(४) झालं. सगळ्यात धोक्याचा आकडा ४८२. जुन्या फौजदारी संहितेत कलम ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करण्याचे उच्च न्यायालयाचे अधिकार, आणि नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. गुन्हा रद्द करण्याचं कलम आता ५२८ आहे. नुसता आकडा टाकून शोधलंत तर दोन्ही विषयांचे निकाल मिसळून येतात. जुन्या कलमावरचे निकाल टाकाऊ झालेले नाहीत. तरतूद तशीच असेल तर ते कामी येतात, पण दोन्ही कलमं शेजारी ठेवून शब्द जुळतात का ते पाहावं लागतं.

'सुप्रीम कोर्टानेही आमचा निकाल कायम केला' असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात विशेष अनुमती याचिका कारणं न देता एका ओळीत फेटाळलेली असते. अशा ओळीने सर्वोच्च न्यायालयाने कोणताही कायदा घालून दिला असं होत नाही, हे 'कुन्हायम्मद विरुद्ध केरळ राज्य' या २००० च्या निकालात स्पष्ट झालं आहे. अंतरिम स्थगितीचंही तसंच. ती त्या प्रकरणापुरती आणि तेवढ्या काळापुरती असते.

आता नवं संकट: एआयला प्रश्न विचारला की तो रुबाबदार नावांचे, सालांसकट निकाल देतो, आणि त्यातले काही अस्तित्वातच नसतात. न्यूयॉर्कच्या कोर्टात २०२३ मध्ये 'माता विरुद्ध एव्हियांका' प्रकरणात असे बनावट निकाल दाखवल्याबद्दल वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. आपल्याकडेही मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एक आयकर आकारणी रद्द केली, कारण अधिकाऱ्याने आधार म्हणून दिलेले निकाल सापडेनातच. त्यामुळे नियम एकच ठेवा: न्यायालयाच्या संकेतस्थळावर पूर्ण प्रत स्वतः उघडून पाहिल्याशिवाय कोणताही निकाल अर्जात लिहायचा नाही.

तुमच्या निकालाची नक्कल: हक्क आणि मुदत

दुसऱ्यांचे निकाल शोधता शोधता स्वतःच्या निकालाची नक्कल घ्यायची राहून जाते आणि अपिलाची मुदत निघून जाते. हे नुकसान भरून निघायला फार कठीण.

- पक्षकाराला निकालाची आणि हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल फी भरून मिळते. मोबाइलवर उतरवलेली प्रत वाचायला ठीक, पण अपिलाला प्रमाणित नक्कल लागते.
- फौजदारी खटल्यात कारावासाची शिक्षा झाली तर आरोपीला निकालाची प्रत तिथल्या तिथे आणि विनामूल्य मिळाली पाहिजे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०४ तसं सांगतं.
- दिवाणी अपील जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत. शिक्षेविरुद्ध अपील सत्र न्यायालयात ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ६० दिवसांत. फाशीच्या शिक्षेची मुदत वेगळी आहे.
- नकलेचा अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळले जातात. पण अर्ज देण्याआधी तुम्ही घालवलेले दिवस तुमच्याच खाती जमा होतात.

अर्ज शक्य तर निकालाच्याच दिवशी द्या. नक्कल हाती आली की तिच्या मागचा शिक्का पाहा. अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख अशा तीन नोंदी असतात. मुदतीचा हिशेब यांच्यावरच होतो. तारीख खोडलेली किंवा चुकलेली असेल तर खिडकीवरून हलू नका, तिथेच दुरुस्त करून घ्या. तयार झालेली नक्कल न्यायला तुम्ही उशीर केलात तर ते दिवस वगळले जात नाहीत.

ज्या प्रकरणात तुम्ही पक्षकार नाही, त्याची नक्कलही मागता येते. अर्जात कारण लिहावं लागतं, आणि ती द्यायची की नाही हे न्यायालय ठरवतं.

वकिलांशी बोलताना, आणि वकील परवडत नसेल तर

निकालांची पंचवीस पानांची चळत घेऊन जाऊ नका. एक निकाल, त्याचा परिच्छेद क्रमांक, आणि तुमच्या प्रकरणातली कोणती गोष्ट त्याच्याशी जुळते ते एका कागदावर लिहून न्या. 'हा लागतो का?' असं विचारण्यापेक्षा 'आपल्या हकिगतीत आणि या हकिगतीत फरक कोणता?' असं विचारा. उत्तर नेमकं मिळेल. विरुद्ध बाजूने कोणता निकाल दाखवला, हेही विचारून घ्या आणि तो घरी वाचा. आपल्या बाजूचे निकाल सगळेच शोधतात. विरुद्ध बाजूचा वाचला की तडजोड करावी की लढावं, याचा अंदाज येतो.

मोफत विधी सेवा फक्त कोर्टात उभं राहण्यासाठी असते असा समज आहे. तो चुकीचा आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कायदेशीर सल्लाही येतो. म्हणजे हाती आलेला निकाल घेऊन 'याचा मला उपयोग आहे का?' एवढंच विचारायलाही तुम्ही जाऊ शकता. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. घाटंजीच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे किंवा यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साध्या कागदावर अर्ज करा. जाणं शक्य नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करा, त्याला पैसे पडत नाहीत.